जुना पूल बंद करताना: एका उपनगरी स्थानकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबई उपनगरी रेल्वेच्या जाळ्यातील एका मधल्या स्थानकाचे आहे. स्थानकाचे नाव, मार्ग आणि ओळख पटवणारे तपशील वगळले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि पुढील काही दशकांत मुंबईच्या उत्तरेकडील गावांजवळ लहान लहान थांबे उभे राहिले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेवरची पहिली लोकल सुरू झाली आणि त्यानंतर रुळांलगतच्या गावांची उपनगरे होऊ लागली. प्रस्तुत स्थानक याच जातीचे. आरंभी तेथे दोनच रूळ होते. पश्चिमेला गावठाणाकडे तोंड करून दगडी इमारत, पूर्वेला मालगाड्यांची साइडिंग (त्या बाजूला उभ्या करण्याचा रूळ) आणि दक्षिण टोकाला बैलगाड्यांच्या रस्त्यावरचे फाटक, एवढाच त्याचा पसारा होता. रुळांची संख्या दोनवरून चारवर गेली तेव्हा फाटक बंद झाले आणि त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्यांची सोय म्हणून नेमक्या त्याच जागी लोखंडी पादचारी पूल उभारण्यात आला. पुलाची जागा फलाटांवरील गर्दी पाहून ठरलेली नव्हती, ती फाटकाने ठरवली होती. पुढे जे घडले त्याचे मूळ येथे आहे.

आज स्थानकाची रचना अशी आहे. फलाट क्रमांक १ पश्चिमेला, रस्त्याला लागून असून त्यावर डाऊन, म्हणजे मुंबईकडून उत्तरेला जाणाऱ्या, धीम्या गाड्या येतात. २ आणि ३ हे एकाच बेटासारख्या फलाटाच्या दोन बाजू आहेत. २ वर अप, म्हणजे मुंबईकडे जाणारी, धीमी आणि ३ वर डाऊन जलद गाडी थांबते. फलाट ४ पूर्वेला असून त्यावर अप जलद गाड्या येतात. दक्षिण टोकाचा जुना पूल आणि नंतर बांधलेला मधला रुंद पूल हे चारही फलाटांना जोडतात. मधला पूल पश्चिमेकडे स्कायवॉकला मिळतो. फलाट ४ आणि पूर्वेचा रस्ता यांच्यामध्ये पूर्वीच्या साइडिंगची रिकामी पट्टी व तिच्या कडेने कुंपणभिंत होती, त्यामुळे रस्त्यालगत असूनही या फलाटावर पुलावरूनच उतरावे लागे.

पूर्वेची वस्ती नंतर वाढली, पण पश्चिमेच्या मानाने फार वेगाने वाढली. तिकडची रिक्षांची रांग, भाजीबाजार आणि बसथांबा जुन्या पुलाच्या पायथ्याशी असल्याने प्रवाशांना गाडीच्या दक्षिणेकडील डब्यांतच चढण्या-उतरण्याची सवय जडली होती. त्यात आणखी एक गोष्ट होती. दक्षिण मुंबईतील टर्मिनसवर रूळ संपतात आणि बाहेर पडण्याची वाट गाडीच्या पुढच्या तोंडाशी असते. म्हणून तेथवर जाणारा नोकरदार सकाळी आपोआपच पुढचे डबे गाठतो. या स्थानकात पुढचे डबे जुन्या पुलाखाली येत. दोन्ही सवयी एकाच जागी येऊन मिळाल्या होत्या.

समस्या

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पूल पडला आणि त्याच्या काहीच महिने आधीच्या तपासणीत त्याला किरकोळ दुरुस्ती पुरेशी असल्याचे म्हटले गेले होते, हे उघड झाले. या तीन घटनांनंतर पुलांच्या तपासणी अहवालांची भाषा बदलली. ‘दुरुस्ती करावी’ एवढ्यावर भागत असे तेथे ‘वापर थांबवावा’ असे लिहिले जाऊ लागले. तपासनीसांच्या या सावधगिरीला कोणी दोष देऊ नये.

आपल्या स्थानकातील जुन्या पुलाचा अहवाल अशाच काळानंतर, हिवाळ्यात आला. मुख्य गर्डर, म्हणजे पूल पेलणाऱ्या तुळया, ठीक होते. मात्र जिन्यांना तोलणारे लोखंडी पट्टे आणि फलाट २-३ वरील खांबांचे तळ गंजून पातळ झाले होते. छपराचे पाणी वर्षानुवर्षे जिन्याच्या पोटात झिरपत होते. पायऱ्यांवरच्या फरशा वेळोवेळी बदलल्या गेल्या, पण खालचे लोखंड उघडून कोणी पाहिले नव्हते. पादचाऱ्यांचा वापर शक्य तितक्या लवकर थांबवावा, अशी शिफारस होती.

नवा पूल मंजूर झालेला होता आणि जुन्या पुलाच्या किंचित उत्तरेला त्याचा पायाही घातला होता. गर्डर मात्र यायचे होते. ते रुळांवर चढवायचे तर गाड्या आणि विद्युतप्रवाह दोन्ही बंद ठेवावे लागतात, आणि उपनगरी मार्गावर असा ब्लॉक रात्री शेवटच्या लोकलनंतरचे मोजके तास किंवा रविवार एवढाच मिळतो. म्हणजे काही महिने तरी संपूर्ण स्थानक एका पुलावर चालणार होते. प्रशासनाच्या टिपणात प्रश्न मांडला होता तो असा: मधल्या पुलाची रुंदी दोन्ही पुलांच्या गर्दीला पुरेल काय? गणित करून उत्तर आले, पुरेल.

माझ्या मते प्रश्नच अपुरा होता. पूल म्हणजे वरचा मार्ग आणि खाली उतरणारा जिना. वरचा मार्ग हवा तेवढा रुंद करता येतो, पण बेटावरचा जिना फलाटाच्या रुंदीतून जागा खातो. जिना जितका रुंद, तितकी त्याच्या दोन्ही बाजूंची, गाडी आणि जिन्याची भिंत यांच्यामधली पट्टी चिंचोळी. त्या पट्टीतून उतरलेला प्रवासी जिन्याच्या तोंडाकडे जातो आणि तेथेच पुढच्या गाडीची वाट पाहणारा प्रवासी उभा असतो. नऊ डब्यांच्या लोकल धावत तेव्हा नियोजित क्षमता साधारण १,७०० असताना गर्दीच्या वेळी एका गाडीत ४,५०० हून अधिक माणसे असत, हे रेल्वेच्याच आकडेवारीत वारंवार आलेले आहे. बारा डब्यांच्या गाडीतल्या अशाच गर्दीचा लहानसा हिस्सा उतरला, तरी तो अर्ध्या मिनिटात फलाटावर ओतला जातो. अडचण पुलावर होणार नव्हती, ती जिन्याच्या पायथ्याशी होणार होती.

विचारात घेतलेले पर्याय

विभागीय अधिकारी, स्थानक अधीक्षक, रेल्वे सुरक्षा दल, लोहमार्ग पोलीस, महापालिका आणि प्रवासी संघटना यांच्या बैठकीत पाच पर्याय मांडले गेले.

पहिला, पूल तातडीने आणि पूर्ण बंद करणे. अभियांत्रिकी विभागाला हाच हवा होता.

दुसरा, पूल फक्त चढण्यासाठी उघडा ठेवून एका वेळी मोजकीच माणसे सोडणे. कागदावर तो बरा दिसत होता, परंतु पाऊस आला की लोक जिन्यावरच आडोशाला थांबतात आणि तेव्हा त्यांना हलवणे कोणाच्याही हातात राहत नाही. एल्फिन्स्टन रोडला पावसाच्या सरीत जिन्यावर खोळंबलेल्या गर्दीतूनच अनर्थ घडला होता. हा पर्याय नाकारला गेला आणि तो योग्यच नाकारला गेला.

तिसरा, तात्पुरता लोखंडी पूल. २०१७ नंतर एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली या स्थानकांत लष्कराने पूल बांधले आणि ते फेब्रुवारी २०१८ मध्ये खुले झाले, याचा दाखला प्रवासी संघटनेने दिला. त्यावर अधिकाऱ्यांचे उत्तर असे होते की तात्पुरत्या पुलालाही ब्लॉक लागतोच, आणि उपलब्ध ब्लॉक तेथे खर्च केल्यास कायमचा पूल तितकाच लांबेल. हे उत्तर मला पटण्यासारखे वाटले.

चौथा पर्याय एका निवृत्त मोटरमनने सुचवला. जलद मार्गावरचे फलाट १५ डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवलेले होते, पण तेथे येणाऱ्या बहुसंख्य गाड्या १२ डब्यांच्या होत्या आणि त्या फलाटाच्या दक्षिण टोकाला जाऊन थांबत. थांब्याचा फलक तीन डब्यांच्या अंतराने, म्हणजे साधारण ६० मीटर, उत्तरेला सरकवला तर गाडीच मधल्या पुलाजवळ उभी राहील, असे त्यांचे म्हणणे होते. धीम्या मार्गावर हे शक्य नव्हते, कारण तेथील फलाट १२ डब्यांपुरतेच होते.

पाचवा, पूर्वेच्या कुंपणभिंतीत नवे फाटक बसवून फलाट ४ थेट रस्त्याला जोडणे. याला वाणिज्य विभागाचा विरोध होता. नवे प्रवेशद्वार म्हणजे तिकीट तपासनीसांची नवी जागा, आणि तपासनीस आधीच कमी होते.

निर्णय आणि पहिला आठवडा

पहिला पर्याय स्वीकारला गेला. चौथा ‘अभ्यासासाठी’ ठेवला गेला आणि पाचवा बाजूला पडला. सरकारी बैठकीत अभ्यासासाठी ठेवलेली गोष्ट सहसा कोठे जाते, हे वाचकांना सांगावयास नको.

रविवारच्या मेगाब्लॉकचे निमित्त साधून पुलाच्या चारही जिन्यांवर पत्रे ठोकण्यात आले. सूचनाफलक लागले, उद्घोषणाही सुरू झाल्या. फक्त त्या उद्घोषणा याच स्थानकात होत होत्या. संध्याकाळी घरी परतणारा प्रवासी कोणत्या डब्यात बसायचे हे दादरला किंवा टर्मिनसवर ठरवतो. त्याला येथे उतरल्यावर कळून काय उपयोग?

सोमवारची सकाळ कशीबशी निभावली, कारण सकाळी माणसे थोड्याथोड्याने येतात. संध्याकाळी तसे नसते. फलाट ३ वर डाऊन जलद गाडी आली, सवयीने दक्षिण टोकाला उतरलेली माणसे मधल्या जिन्याकडे वळली, आणि त्याच वेळी फलाट २ वर अप धीमी गाडी लागली. मधल्या जिन्याच्या अलीकडे खाद्यपदार्थांचा एक स्टॉल आणि त्याच्या पाठीला पाणपोई होती. गर्दी तेथे अडली. महिलांचा एक डबा नेमका त्या अरुंद पट्टीसमोर येत असल्याने उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या महिलांची सर्वाधिक कुचंबणा झाली. जिन्यावर काही जण पडले, सुदैवाने गंभीर इजा कोणालाही झाली नाही.

मधल्या पुलाला दक्षिणेकडून सरकता जिना आणि उत्तरेकडून साधा जिना होता, म्हणजे आता बहुतेक सर्व गर्दी आधी सरकत्या जिन्यावर येत होती. वरच्या मार्गावर स्कायवॉककडून येणारी माणसे समोरून येऊन मिळत आणि वर कोंडी झाली तरी सरकता जिना खालून माणसे पुरवतच राहत असे. तो बंद ठेवावा असे पोलिसांचे मत होते. परंतु थांबलेल्या सरकत्या जिन्याच्या पायऱ्या उंच आणि टोकांना असमान असतात, त्यावरून दाटीने चढणे अधिक धोक्याचे, असे विद्युत विभागाने सांगितले. शेवटी जिना चालू ठेवून आणीबाणीच्या बटणाजवळ गर्दीच्या वेळेत एक माणूस उभा करण्याचे ठरले. त्या आठवड्यातील हा सर्वांत शहाणा निर्णय होता आणि तो बैठकीविना, फलाटावर उभ्या उभ्या घेतला गेला.

दरम्यान अनेक जण फलाट ३ वरून उलट बाजूला उड्या टाकून रूळ ओलांडू लागले. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली रूळ ओलांडणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, यांस पात्र असा गुन्हा आहे, आणि पहिले काही दिवस यंत्रणेने कारवाईवरच भर दिला. त्याचा परिणाम पोलीस उभा असलेल्या जागेपुरताच झाला.

नंतरच्या दुरुस्त्या

दुसऱ्या आठवड्यात अधिकाऱ्यांनी संध्याकाळच्या गर्दीत फलाट २-३ वर उभे राहून पाहणी केली आणि त्यानंतर चक्रे हलली.

स्टॉल आणि पाणपोई हलवण्याचा आदेश निघाला. स्टॉलधारकाचा परवाना त्याच जागेचा असल्याने त्याने हरकत घेतली. त्याला फलाट १ वर जागा देऊन प्रश्न मिटला. पाणपोईची नळजोडणी बदलण्यास त्याहून अधिक वेळ लागला. साध्या जिन्याच्या मधोमध कठडा बसवून चढण्याची आणि उतरण्याची बाजू वेगळी केली.

अभ्यासाला ठेवलेला चौथा पर्याय बाहेर काढला गेला. थांब्याचा फलक हलवणे म्हणजे एक खांब उचलून दुसरीकडे रोवणे नव्हे. मोटरमनना लेखी सूचना द्यावी लागते, सिग्नलपासूनची अंतरे तपासावी लागतात, इंडिकेटरखालची डब्यांची स्थाने बदलावी लागतात, महिलांच्या आणि दिव्यांगांच्या डब्यांच्या खुणा पुन्हा रंगवाव्या लागतात. हे सर्व झाले, पण शेवटची बाब सर्वांत उशिरा झाली. कित्येक दिवस दिव्यांगांच्या डब्याची जुनी खूण आणि प्रत्यक्ष डबा यांत तीन डब्यांचे अंतर होते, आणि अंध प्रवाशांसाठीच्या ध्वनिसंकेताची जागा तर सर्वांत शेवटी बदलली. या हलगर्जीपणाचे समर्थन होऊ शकत नाही, कारण ज्यांना धावत डबा गाठता येत नाही त्यांच्यावरच त्याचा भार पडला.

पूर्वेच्या फाटकाचा प्रश्न नव्याने उघडला तो आकड्यांमुळे नव्हे, तर भिंतीमुळे. कोणीतरी रात्री कुंपणभिंतीला भगदाड पाडले आणि सकाळी शेकडो लोक त्यातून फलाट ४ वर येऊ लागले. ते बुजवून पुन्हा फोडले जाण्याची वाट पाहण्यापेक्षा रीतसर फाटक काढावे, असे स्थानक अधीक्षकांनी लेखी कळवले. वाणिज्य विभागाने संमती दिली ती तीन अटींवर: फाटक फक्त सकाळच्या गर्दीच्या वेळेत उघडावे, बाहेर स्वयंचलित तिकीट यंत्रे बसवावीत आणि एक तपासनीस कायम असावा. साइडिंगच्या पट्टीवर फरसबंदी करून दिव्यांची सोय महापालिकेने केली.

परिणाम

सकाळचा प्रश्न या एका फाटकाने बहुतांशी सुटला. पूर्वेकडील ज्यांना अप जलद गाडी पकडायची होती, त्यांना पूल चढण्याची गरजच उरली नाही आणि मधला पूल धीम्या गाडीच्या प्रवाशांना मोकळा झाला. संध्याकाळी मात्र ते बंद असे, आणि उघडे असते तरी त्याचा उपयोग मर्यादितच झाला असता, कारण डाऊन जलद गाडी बेटावर येते आणि तेथून कोणत्याही बाजूला जायचे तर चढावेच लागते. फलक सरकवल्यामुळे उतरणारी गर्दी जिन्याच्या जवळ आली, म्हणजे चालण्याचे अंतर कमी झाले, पण जिन्याच्या तोंडाशी ती अधिक एकदम येऊ लागली. हा परिणाम कोणी गृहीत धरला नव्हता. जलद आणि धीमी गाडी एकाच वेळी लागू नयेत म्हणून धीमी गाडी बाहेर थोडी थांबवून पाहण्यात आली, परंतु तीन-चार मिनिटांच्या अंतराने गाड्या धावत असताना मागची सगळी रांग खोळंबते, त्यामुळे तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

नव्या पुलाची जाहीर मुदत पावसाळ्यापूर्वीची होती, प्रत्यक्षात तो दिवाळीनंतर खुला झाला. वरचा मार्ग जुन्याच्या जवळपास दुप्पट रुंद आहे. बेटावरचा जिना मात्र जुन्याइतकाच आहे, कारण फलाटाची रुंदी तीच आहे. फरक एवढा की पूर्वी एकाच दिशेने उतरणारा जिना होता, आता उत्तर आणि दक्षिण अशा दोन दिशांना दोन जिने उतरतात आणि गर्दी विभागली जाते.

वेगळे काय करता आले असते

पूल बंद करण्याचा निर्णय बरोबर होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हिमालय पुलाच्या जागी नवा पूल मार्च २०२३ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी सुरू झाला. तेवढा काळ लोकांनी वळसा घातला, पण पडणाऱ्या पुलापेक्षा वळसा केव्हाही बरा. प्रश्न आहे तो बंद करण्यापूर्वीच्या दिवसांचा. अहवाल हाती येणे आणि पत्रे ठोकले जाणे यांत काही आठवडे गेले होते. त्या काळात स्टॉल हलवता आला असता, फाटक काढता आले असते. ही कामे पूल बंद झाल्यावरच निकडीची ठरली, कारण तोवर त्यांना ‘सुविधा’ समजले जात होते. रेल्वेच्या खर्चाच्या वर्गवारीतही दीर्घकाळ स्थानकातील पहिला पादचारी पूल तेवढा आवश्यक आणि बाकीचे सुविधांमध्ये मोडत. २०१७ च्या दुर्घटनेनंतर ते सुरक्षेची बाब म्हणून धरले जाऊ लागले. पुलाबाबत धोरण बदलले, परंतु जिन्याजवळचा स्टॉल, कुंपणातले फाटक किंवा थांब्याचा फलक यांच्याकडे पाहण्याची दृष्टी तीच राहिली.

उद्घोषणा आधीच्या मोठ्या स्थानकांवर आणि गाडीतील ध्वनिवर्धकावर आठवडाभर आधी सुरू करता आली असती. खर्च जवळपास शून्य होता. अडचण एवढीच की ती स्थानके दुसऱ्या अधीक्षकांच्या अखत्यारीत होती.

बंद करण्याचा दिवसही वेगळा निवडता आला असता. ब्लॉकच्या सोयीने रविवार घेतला आणि पहिली कसोटी सोमवारी लागली. दिवाळीच्या किंवा शाळांच्या सुट्ट्यांच्या आठवड्यात गर्दी थोडी कमी असते; अहवालाची निकड लक्षात घेता तितके थांबणे परवडले असते का, हे अभियंतेच सांगू शकतील, परंतु बैठकीत तो प्रश्न विचारला गेला नाही.

सर्वांत अवघड मुद्दा बेटाच्या रुंदीचा. ठाणे स्थानकात मे २०२४ अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन फलाट ५-६ दोन ते तीन मीटरने रुंद करण्यात आला. त्यासाठी रूळ सरकवावे लागले, कारखान्यात तयार केलेले काँक्रीटचे ठोकळे वापरले गेले आणि शेकडो लोकल रद्द कराव्या लागल्या. आपल्या स्थानकात फलाट ४ च्या पलीकडे साइडिंगची पट्टी मोकळी असल्याने जलद मार्ग पूर्वेकडे सरकवून बेट रुंद करणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते. नव्या पुलाचा पाया घालण्यापूर्वी हा विचार झाला असता तर त्याचे खांबही वेगळ्या जागी पडले असते. आता खांब उभे आहेत आणि रुंदीकरण करायचे झाल्यास त्यांच्याभोवतीच करावे लागेल.

थांब्याचा फलक नवा पूल सुरू झाल्यावर पुन्हा दक्षिणेला नेण्यात आला. पूर्वेचे फाटक मात्र राहिले. त्याची परवानगी अजून तात्पुरतीच आहे, दर काही महिन्यांनी तिची मुदत वाढवली जाते, आणि ते दिवसभर उघडे ठेवावे या मागणीचा अर्ज वाणिज्य विभागाकडे प्रलंबित आहे.